खेळाडू मुलांच्या मनावरील करपा

कांद्याच्या पिकावर पडणारा करपा आपल्या नांदगांव तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांस नवीन नाहीं. पीक जोमानें वर आलेलें असतें, पातीचा हिरवागार रंग डोळ्यांत भरतो, आणि अशाच वेळीं एके दिवशीं पातीवर डाग दिसूं लागतात. शेंडे पिवळे पडतात, पात मान टाकते, आणि जमिनींतील कांदा पोसावयाचा तसा पोसत नाहीं. जें पीक मुळांतच खुरटें होतें त्याविषयीं शेतकऱ्यास फारशी आशा नसते. त्याच्या जिवाला लागतें तें भरांत आलेलें पीक हातचें गेल्याचें दुःख.

असाच एक करपा कोंवळ्या वयांत स्पर्धेच्या खेळांत उतरलेल्या मुलामुलींच्या मनावर पडतो. इंग्रजींत त्यास ‘बर्नआउट’ असें म्हणतात. ह्या लेखापुरतें आपण त्यास ‘मनाचा करपा’ असें नांव देऊं. तो कशानें पडतो, तो ओळखावा कसा, आणि तो पडूं नये म्हणून शाळेनें, घरानें व खुद्द खेळाडूनें काय करावें, ह्याचा विचार ह्या ठिकाणीं करावयाचा आहे.

शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्या भोंवतींच आहे. शालेय क्रीडास्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात आणि तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्या चढत जातात. वरच्या पायरीवर पोंचलेल्या विद्यार्थ्यास दहावी-बारावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखलेल्या आहेत. पोलीस व सैन्य यांच्या भरतीची तयारी करणारे तरुण पहाटेच्या अंधारांत रस्त्यानें धांवतांना आपण पाहतोंच. जेथें पाऊस बेभरंवशाचा आणि कांद्याचा भाव त्याहून बेभरंवशाचा, तेथें मुलाच्या पायांतील वेग हा घरास एक आधार वाटावा ह्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ज्या खेळावर साऱ्या घराच्या आशेचा भार पडतो, तो खेळ मुलाच्या मानेवरील जूं होण्यास वेळ लागत नाहीं. आणि जूं मानेस टोंचतें हें मूल सहसा बोलून दाखवीत नाहीं.

१. ओळख

सन १९७४ मध्यें न्यू यॉर्क येथील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें ह्या अवस्थेचें वर्णन प्रसिद्ध केलें. तें खेळाडूंविषयीं नव्हतें. गोरगरिबांसाठीं चालणाऱ्या मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांविषयीं होतें. त्यास असें आढळलें कीं, जे जीव ओतून काम करीत होते तेच कांहीं महिन्यांनीं आंतून रिते होऊं लागले. ही गोष्ट पालकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावी. ज्याच्या मनांत कधीं ज्योत पेटलीच नाहीं, तें मन करपत नाहीं. करपतें तें पेटलेलें मन.

पुढें खेळाडूंच्या बाबतींत हाच विचार झाला, आणि क्रीडामानसशास्त्रज्ञ आतां त्याचीं तीन लक्षणें सांगतात. पहिलें लक्षण म्हणजे शरीराचा व मनाचा असा थकवा, कीं जो एका रात्रीच्या झोंपेनें किंवा रविवारच्या सुटीनें जात नाहीं. दुसरें म्हणजे आपल्या हातून कांहींच साधत नाहीं ही भावना. पदक मिळालें तरी त्याचा आनंद होत नाहीं, सुटलों एकदांचे असें वाटतें. तिसरें लक्षण सर्वांत गंभीर होय: ज्या खेळासाठीं पूर्वीं जेवण टाकून पळावें, त्याचें नांव काढलें तरी नकोसें होतें.

दमणें आणि करपणें ह्यांतील भेद बोलण्यावरून कळतो. दमलेला मुलगा म्हणतो, “आज नको, उद्यां खेळूं.” करपलेला मुलगा म्हणतो, “खेळून काय करावयाचें आहे?” पहिल्यास विश्रांति पुरे. दुसऱ्यास केवळ विश्रांति देऊन भागत नाहीं, कारण त्याच्या प्रश्नाचें उत्तर झोंपेंत मिळत नाहीं.

आळस आणि करपा ह्यांतील भेद तर त्याहून महत्त्वाचा आहे, कारण ह्याच ठिकाणीं मोठी माणसें चुकतात. आळशी मूल पहिल्यापासून मागें राहणारें असतें. करपलेलें मूल कालपर्यंत सर्वांच्या आधीं मैदानावर येत होतें. तेंच आज उशिरां येऊं लागलें म्हणजे आपण म्हणतों, “यश डोक्यांत गेलें,” “हवा लागली,” “मस्ती आली.” ज्या वेळीं मुलास धीर पाहिजे असतो नेमक्या त्याच वेळीं त्यास टोमणे मिळतात, आणि टोमण्यांस भिऊन तें पुन्हां अंगांतील उरलीसुरली शक्ति पणास लावतें. आजार वाढतो तो असा.

घरांतील माणसांस दिसूं शकतील अशीं कांहीं चिन्हें पुढें देत आहें. स्पर्धेच्या सकाळीं पोट दुखणें किंवा मळमळणें. बुटांची पिशवी चार चार दिवस कोपऱ्यांत तशीच पडून राहणें. झोंप न येणें, किंवा झोंपून उठल्यावरही डोळे जड असणें. लहानशा बोलण्यावरून चिडणें, अगर अजिबात न बोलणें. अभ्यासांत मन न लागणें. लहानसहान दुखापती वरचेवर होणें. आणि एक चिन्ह असें कीं जें चटकन नजरेस येत नाहीं: पाय मुरगळला, डॉक्टरांनीं पंधरा दिवस खेळूं नको म्हणून सांगितलें, आणि मुलाच्या तोंडावर दुःखाऐवजीं सुटकेचा भाव दिसला. ज्या मुलास दुखापत ही सुटी वाटूं लागते, त्याच्या मनाकडे तत्काळ लक्ष द्यावें.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. प्रत्येक थकवा मनाचाच असतो असें नाहीं. अंगांत रक्त कमी असणें, पोटभर अन्न न मिळणें, ताप अंगांत मुरणें, ह्यांमुळेंही खेळाडू असाच मलूल दिसतो. धांवणाऱ्या मुलींच्या बाबतींत अपुऱ्या आहारामुळें मासिक पाळींत खंड पडतो आणि हाडें कमजोर होतात. ती लाजेखातर लपविण्याची गोष्ट नव्हे. म्हणून प्रथम डॉक्टरांस दाखवावें, रक्त तपासून घ्यावें, ताटांत काय पडतें तें पाहावें. शरीर निर्दोष ठरल्यावर मग मनाचा विचार करावा.

२. एक हजार नऊ धांवा

आतां आपल्या महाराष्ट्रांतील एक प्रसिद्ध उदाहरण पाहूं. ता. ४ व ५ जानेवारी २०१६ रोजीं कल्याण येथें भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यांत के. सी. गांधी विद्यालयाकडून खेळतांना प्रणव धनावडे ह्या १५ वर्षांच्या विद्यार्थ्यानें नाबाद १००९ धांवा काढल्या. पहिल्या दिवसाच्या अखेरीस त्याच्या ६५२ धांवा झाल्या होत्या, आणि तेवढ्यानेंच ११६ वर्षांपूर्वींचा जागतिक विक्रम मागें पडला होता. दुसऱ्या दिवशीं तो हजारांच्या पलीकडे गेला. त्यानें ३२७ चेंडू खेळले, १२९ चौकार व ५९ षट्कार मारले. संघानें ३ गडी बाद १४६५ धांवांवर डाव थांबविला. एका डावांत हजार धांवा त्यापूर्वीं नोंदलेल्या सामन्यांत कोणीही काढल्या नव्हत्या.

प्रणवचे वडील ऑटोरिक्षा चालवीत. दोन दिवसांपूर्वीं ज्या मुलास गल्लीबाहेर कोणी ओळखीत नव्हतें, त्याचें नांव देशोदेशींच्या वृत्तपत्रांत छापून आलें. मुंबई क्रिकेट असोसिएशननें त्यास पांच वर्षेंपर्यंत दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ति जाहीर केली. प्रतिपक्षाचीं मुलें वयानें लहान होतीं, सीमारेषा जवळ होती, हेंही त्या वेळीं लिहिलें गेलें. पराक्रम खरा होता, परंतु तो एका शाळकरी सामन्यांतील पराक्रम होता. कीर्तीस मात्र असा विवेक नसतो. तिनें मुलाच्या कपाळीं एक आंकडा लिहिला, आणि पुढें तो ज्या ज्या मैदानावर गेला तेथें तेथें तो आंकडा त्याच्या आधीं जाऊन बसला. तीस धांवा करून बाद होणें हें इतर मुलांच्या बाबतींत बरें खेळणें होय. ह्याच्या बाबतींत तें अपयश ठरणार हें उघड होतें.

सन २०१७ मध्यें त्याच्या वडिलांनीं आपण होऊन असोसिएशनला पत्र लिहिलें, कीं मुलाचा खेळ अपेक्षेप्रमाणें होत नसल्यामुळें ही शिष्यवृत्ति थांबवावी. त्या वर्षाच्या अखेरीस त्यानें खेळणें थांबविल्याच्या बातम्या आल्या. तेव्हां तो अवघ्या १७ वर्षांचा होता. पुढें तो पुन्हां मैदानांत उतरला ही समाधानाची गोष्ट होय.

त्या तरुणाच्या अंतःकरणांत काय घडलें असेल ह्याचा निवाडा आपण दुरून करूं नये, आणि त्या वडिलांच्या सचोटीस तर मान लवविलीच पाहिजे. गरिबींतही न कमावलेला पैसा नको म्हणणारीं माणसें विरळा. परंतु ह्या घटनेनें आपणां सर्वांपुढें एक प्रश्न ठेविला आहे. शिष्यवृत्ति ही मुलानें शिकावें, वाढावें, म्हणून दिलेली मदत असते. धांवा निघाल्या तर ती घ्यावयाची आणि निघाल्या नाहींत तर परत करावयाची, असें ज्या क्षणीं घरास वाटूं लागतें, त्या क्षणीं ती मदत राहत नाहीं. ती मजुरी होते. आणि पंधरा वर्षांचें मूल खेळाडू न राहतां मजूर होतें. हें कोणा एकाच्या दोषानें होत नाहीं. टाळ्या वाजविणारे, सत्कार करणारे, छायाचित्रें छापणारे, आणि दुसऱ्या सामन्यानंतर “ह्या वेळीं किती?” म्हणून विचारणारे आपण सर्व त्यांत थोडे थोडे भागीदार असतों.

ज्याचा विक्रम प्रणवनें मोडला त्याची हकीकतही बोधप्रद आहे. आर्थर कॉलिन्स ह्याचा जन्म १८८५ सालीं हिंदुस्थानांतच, हजारीबाग येथें झाला होता. जून १८९९ मध्यें इंग्लंडांतील क्लिफ्टन कॉलेज ह्या शाळेंत मुलांच्या आपसांतील सामन्यांत, वयाच्या तेराव्या वर्षीं, त्यानें नाबाद ६२८ धांवा काढल्या. त्याच्याही नांवाचा तेव्हां गाजावाजा झाला. परंतु तो पुढें प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाहीं. त्यानें सैन्यांत शिक्षण घेतलें, तो अधिकारी झाला, सवड मिळेल तसें क्रिकेट खेळत राहिला, आणि ११ नोव्हेंबर १९१४ रोजीं पहिल्या महायुद्धांत ईप्र येथील लढाईंत पडला. त्याचा विक्रम हा त्याच्या आयुष्यांतील एक प्रसंग होता. तेंच आयुष्य आहे असें त्याच्यावर कोणीं लादलें नाहीं.

३. कारण कोठें शोधावें?

मुलाचें मन करपलें म्हणजे “त्यास ताण सोसवला नाहीं, मन कच्चें होतें,” असें म्हणण्याचा प्रघात आहे. जे कोकली ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९९२ सालीं ह्या समजुतीस हरकत घेतली. ऐन यशांत असतांना खेळ सोडून दिलेल्या किशोरवयीन खेळाडूंशीं त्यानें बोलणीं केलीं, आणि त्याचा निष्कर्ष असा कीं, दोष मुलाच्या मनांत शोधण्यापूर्वीं त्याच्या जीवनाची जी रचना मोठ्या माणसांनीं केलेली असते तींत शोधावा. त्यास दोन गोष्टी विशेष आढळल्या. एक, ह्या मुलांस ‘खेळाडू’ ह्यावांचून दुसरी ओळखच उरलेली नसते. दुसरी, आपल्या दिवसाविषयीं, आपल्या खेळाविषयीं, कसलाही निर्णय त्यांच्या हातीं नसतो.

ह्या दोन गोष्टी आपल्या घरांस लावून पाहाव्या. पाहुणे आले म्हणजे आपण मुलाची ओळख कशी करून देतों? “हा आमचा धांवपटू.” मुलगा चित्रें काढतो, धाकट्या बहिणीस गणित शिकवितो, आजोबांस वर्तमानपत्र वाचून दाखवितो, त्याचा उल्लेख नसतो. मग ज्या दिवशीं तो शर्यतींत चौथा येतो त्या दिवशीं त्यास वाटतें कीं, आपण शर्यत हरलों नाहीं, आपण आपणच उरलों नाहीं. एकाच खांबावर सारें छप्पर उभें केलें म्हणजे तो खांब हलला कीं छप्परच हलतें.

निर्णयाची गोष्टही अशीच. कोणता खेळ, किती तास, कोणती स्पर्धा, केव्हां विश्रांति, हें सर्व वडील व प्रशिक्षक ठरवितात. मूल फक्त धांवतें. त्यांत प्रेमाचें एक कर्जही त्याच्या खात्यावर चढत असतें. “तुझ्यासाठीं बूट आणले, तुझ्यासाठीं अर्धा एकर गहाण टाकला, तुझ्यासाठीं आईनें हौस मारली.” हें सर्व खरेंच असतें, आणि म्हणूनच तें ओझें अधिक जड असतें. असें मूल ‘मला नको’ हे दोन शब्द उच्चारूं शकत नाहीं. जें तोंडानें बोलतां येत नाहीं तें मग त्याचें शरीर बोलतें: पोट दुखतें, पाय दुखतो, ताप येतो.

परदेशांतील एक उदाहरण ह्यास पुष्टि देतें. अमेरिकेची जेनिफर काप्रियाती ही मुलगी १९९० सालीं, चौदावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, पैशासाठीं खेळल्या जाणाऱ्या टेनिसमध्यें उतरली. त्याच वर्षीं ती फ्रेंच स्पर्धेच्या उपान्त्य फेरीस पोंचली, आणि १९९२ मध्यें बार्सिलोना येथें तिनें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. दुसऱ्याच वर्षीं, १७ वर्षांची असतांना, तिनें खेळ बाजूस ठेविला, आणि त्यानंतरचीं कांहीं वर्षें तिला फार कष्टाचीं गेलीं. ह्यानंतर स्त्रियांच्या टेनिस संघटनेनें नियमच बदलला. १९९५ पासून अल्पवयीन मुलींनीं वर्षांत किती स्पर्धा खेळाव्या ह्यावर वयाप्रमाणें मर्यादा घातली. ‘मुलगी कच्ची निघाली’ असें म्हणून संघटना स्वस्थ बसली नाहीं. तिनें जूंच हलकें केलें. काप्रियाती पुढें परत आली, आणि २००१ सालीं ऑस्ट्रेलियन व फ्रेंच ह्या दोन्ही स्पर्धा जिंकून जगांत पहिल्या क्रमांकावर पोंचली. ह्यावरून दिसतें कीं करपलेलें मन पुन्हां हिरवें होऊं शकतें. परंतु त्यासाठीं वर्षें जावीं लागतात, आणि तीं वर्षें कोणी परत देत नाहीं.

४. उशिरां आलेलीं फळें

पालकांच्या मनांत ह्यावर एक शंका येईल. ती अशी कीं, लहानपणींच जोर लावला नाहीं तर मूल मागें पडेल. आणि एकदां वय गेलें कीं गेलें. ही भीति समजण्यासारखी आहे. म्हणून आपल्याच जिल्ह्याशीं संबंध असलेलीं दोन उदाहरणें देतों.

आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही हें गांव दुष्काळी. तेथील दत्तू भोकनळ ह्याचे वडील विहिरी खोदण्याचें काम करीत. जेथें प्यावयास पाणी नाहीं तेथें होडी वल्हविण्याचा खेळ कोण शिकणार? दत्तू सैन्यांत भरती झाला आणि तेथें, विशी उलटल्यावर, प्रथम वल्हें हातीं धरलें. सन २०१६ मध्यें रिओ येथील ऑलिंपिकमध्यें त्यानें एकट्याच्या नौकाशर्यतींत जगांत तेरावें स्थान मिळविलें. सन २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत एकट्याच्या शर्यतींत प्रकृति बिघडल्यामुळें तो शेवटीं राहिला; आणि दुसऱ्याच दिवशीं तीन सहकाऱ्यांसह चौघांच्या नौकेंत सुवर्णपदक जिंकलें. कालचें अपयश आजच्या माथीं न मारणारे सोबती लाभले म्हणजे काय होतें तें ह्यांत दिसतें.

दुसरें उदाहरण स्वप्नील कुसाळे ह्याचें. तो कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचा. सन २००९ मध्यें वडिलांनीं त्यास शासनाच्या क्रीडाप्रबोधिनींत घातलें. तेथें त्यानें नेमबाजी निवडली आणि नाशिक येथें तिचें शिक्षण घेतलें. सन २०१५ पासून तो मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीस होता; म्हणजे ज्या रेल्वेच्या गाड्या आपल्या नांदगांव स्थानकावरून जातात तिचाच तो सेवक. वर्षांमागून वर्षें तो नेम धरीत राहिला. सन २०२३ च्या हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत सर्वांच्या पुढें असतांना एक गोळी चुकली आणि तो चौथ्या स्थानावर घसरला. पुढच्याच वर्षीं, १ ऑगस्ट २०२४ रोजीं, पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारांत त्यानें कांस्यपदक मिळविलें. त्या वेळीं त्याचें वय २९ वर्षांस टेकलें होतें, आणि तें त्याचें पहिलेंच ऑलिंपिक होतें.

प्रत्येक खेळाचें वय निराळें असतें हें खरें. कसरतींत तें लवकर येतें, नेमबाजींत किंवा लांब पल्ल्याच्या धांवण्यांत उशिरां येतें. तथापि बाराव्या वर्षीं जिल्ह्यांत पहिलें येणें हें पंचविसाव्या वर्षीं देशांत पहिलें येण्याचें अभिवचन नव्हे, आणि बाराव्या वर्षीं मागें राहणें हा शाप नव्हे. ह्या दोघांनीं कष्ट कमी केले नाहींत. परंतु कष्टाची वेळ येईपर्यंत त्यांच्यापाशीं कष्ट करण्याची इच्छा शिल्लक होती. लहानपणीं जपून ठेवावयाची संपत्ति ती हीच.

५. उपाय

आतां उपायांकडे वळूं. प्रथम विश्रांतीचे नियम. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस अशी आहे कीं, मुलास आठवड्यांतून एक-दोन दिवस सरावापासून पूर्ण सुटी असावी, आणि एका खेळापासून वर्षांतून दोन-तीन महिने मोकळे असावे. क्रीडावैद्य आणखी एक सोपा दंडक सांगतात: मुलाचें वय जितकें, त्याहून अधिक तास आठवड्यांत शिस्तीचा सराव नसावा, म्हणजे तेरा वर्षांच्या मुलास आठवड्याचे तेरा तास ही वरची मर्यादा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रात्रीं आठ ते दहा तास झोंप पाहिजे. पहांटे चारला उठवून धांवावयास लावणें आणि रात्रीं अकरापर्यंत शिकवणीस बसविणें ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुलाकडून करून घेणें हा त्याच्यावर जुलूम होय. आपल्याकडे कित्येक गांवीं सोमवारीं बैल जुंपीत नाहींत; शब्बाथ दिवसाची आज्ञा देतांना पवित्र शास्त्रानेंही बैलास व गाढवास वगळलें नाहीं. मुक्या जनावरास जो दिवस मिळतो तो आपल्या मुलास मिळतो किंवा नाहीं, हें प्रत्येक घरानें पाहावें.

पालकांस विनंति. सामन्याहून परत आलेल्या मुलास पहिला प्रश्न ‘जिंकलास का?’ हा विचारूं नये. ‘जेवलास का?’ हा प्रश्न पुष्कळ बरा. दुसरा ‘मजा आली का?’ हा असावा. निकाल तें आपण होऊन सांगतेंच. खेळासाठीं केलेला खर्च त्याच्या देखत मोजूं नये. मोजावयाचाच तर आपल्या हौसेचा म्हणून मोजावा. चुलत्या-मामांच्या मुलांशीं तुलना करूं नये. आणि वर्षांतून एकदां तरी शांतपणें विचारावें, “पुढच्या वर्षीं हा खेळ खेळावा असें तुला वाटतें का?” उत्तर ‘नाहीं’ असें आलें तर रागावूं नये. ज्यास ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक आहे त्याच्याच ‘हो’ ला किंमत असते.

शिक्षक व प्रशिक्षक बंधुभगिनींस विनंति. शाळेची ढाल मुलाच्या प्रकृतीपेक्षां मोठी नाहीं. दुखापत झालेल्या खेळाडूस एका सामन्यासाठीं म्हणून उतरवूं नये. मुलांस सरावाचा एक तरी भाग स्वतः ठरवूं द्यावा. गुण मोजण्यावांचून, शिट्टीवांचून, नुसतें खेळणें आठवड्यांतून एकदां असावें. बक्षीससमारंभांत जो प्रथम आला त्याचें नांव वाचावेंच. परंतु जो पूर्वीं पाहिला येत असे आणि आज विसावा आला, तोही सभागृहांत बसलेला असतो हें विसरूं नये. त्याच्याशीं दुसऱ्या दिवशीं दोन शब्द बोलणें हें क्रीडाशिक्षणांतील एक मोठें काम आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस इतकेंच सांगणें आहे. मन थकलें आहे हें सांगणें म्हणजे हार खाणें नव्हे. सिमोन बाइल्स ही अमेरिकेची कसरतपटू २०२१ सालीं टोकियो येथील ऑलिंपिकमध्यें सांघिक अंतिम फेरी चालू असतांना बाजूस झाली. हवेंत फिरतांना आपलें शरीर कोठें आहे ह्याचें भान तिला राहीनासें झालें होतें, आणि तिनें तें स्पष्ट सांगितलें. तिच्यावर टीकाही झाली. तिनें विश्रांति घेतली, उपचार घेतले, आणि २०२४ सालीं पॅरिस येथें तीन सुवर्ण व एक रौप्य पदक मिळविलें. जगांतील सर्वश्रेष्ठ कसरतपटूस जें सांगण्याची लाज वाटली नाहीं, तें तुम्हांस आपल्या आईस अगर शिक्षकांस सांगण्याची लाज कां वाटावी? घरीं बोलणें अवघड वाटलें तर शासनाची टेलि-मानस नांवाची विनामूल्य सेवा आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतही बोलतां येतें. खेळाशिवाय आणखी एखादी आवड जोपासा. खेळाबाहेरचे दोन मित्र ठेवा. आणि मैदानावर जातांना कधीं कधीं स्वतःस विचारा: आज मला कोणी पाहणार नाहीं, कोणी गुण लिहिणार नाहीं, तरी मी हा खेळ खेळेन काय? जोंपर्यंत ह्याचें उत्तर ‘हो’ आहे तोंपर्यंत हरण्यास भिऊं नका. उत्तर ‘नाहीं’ येऊं लागलें तर तें लपवूं नका. त्या दिवशीं धांवण्यापेक्षां बोलणें अधिक आवश्यक आहे.

मनन व चर्चेसाठीं प्रश्न

१. दमणें, आळस आणि मनाचा करपा ह्यांतील भेद स्वतःच्या शब्दांत, प्रत्येकीं एक उदाहरण देऊन सांगा.

२. ‘मदत’ आणि ‘मजुरी’ ह्यांतील जो फरक लेखांत सांगितला आहे तो तुम्हांस पटतो का? कां?

३. दत्तू भोकनळ व स्वप्नील कुसाळे ह्यांच्या चरित्रांवरून लहान वयांतील यशापयशाविषयीं कोणता बोध घ्यावा?

४. तुमच्या दिनक्रमाचा एक आठवड्याचा तक्ता तयार करा. त्यांत सराव, अभ्यास, झोंप व मोकळा खेळ ह्यांचे तास मांडा, आणि तो तक्ता घेऊन घरीं आईवडिलांबरोबर बसा.